चिमूटभर पापडखार

आमच्या घरी पाहुणा आला की आधी पाणी, मग चहा, आणि चहाबरोबर मायची परीक्षा. पडेगावात दौलताबाद रस्त्याला लागून आमच्या भाड्याच्या दोन खोल्या होत्या. पुढच्या खोलीत एक लोखंडी खाट, दोन घडीच्या खुर्च्या आणि भिंतीवर काचेच्या चौकटीत अण्णांची बी.एस्सी.ची पदवी. पाहुणा खाटेवर टेकला, पाऊसपाण्याच्या गप्पा झाल्या, की अण्णा आतल्या पडद्याकडं तोंड करून हाक मारायचे, "अगं ए, बाहेर ये जरा." माय पदर सावरत दारात येऊन उभी राहायची. अण्णा विचारायचे, "पाव्हण्यांना सांग बघू, पाणी कशाचं बनतं?" माय दरवेळी विचार करायची, अगदी खरोखर, कपाळाला आठ्या घालून, आणि म्हणायची, "कशाचं बनंल? पाणी पाण्याचंच." की झालं! अण्णा मांडीवर थाप मारून हसायचे, "ही बघा, केमिस्टची बायको!" पाहुणा आधी ओशाळून आणि मग मोकळेपणानं हसायचा. कोपऱ्यात आधी पाटीवर, पुढं वहीवर आणि त्याही पुढं कॉलेजच्या पुस्तकावर डोकं घालून बसलेली मीही हसायची. मला उत्तर येत होतं ना! माय रिकामे कप उचलून आत जायची आणि थोड्या वेळानं आतून स्टोव्हला पंप मारल्याचा आवाज यायचा.

आता सत्तरी ओलांडल्यावर मी हे कुणाला सांगितलं की लोक म्हणतात, वा, काय सुंदर उत्तर होतं हो तुमच्या आईचं. मला राग येतो. सुंदर बिंदर काही नव्हतं. तिला येत नव्हतं, कारण तिला कुणी शिकवलं नव्हतं. दोन शब्द होते सगळे मिळून. एखाद्या दुपारी गहू निवडता निवडता मी ते तिला सांगू शकले असते आणि पुढच्या पाहुण्यासमोर अण्णांचं तोंड बंद झालं असतं. पण मला तो खेळ आवडायचा. घरात एक माणूस अडाणी ठरलं की बाकीचे दोघं फुकटात शहाणे होतात. पुढं मी तीस वर्षं कॉलेजात पोरापोरींना रसायनशास्त्र शिकवलं. मायला ते दोन शब्द काही शिकवले नाहीत.

अण्णा गंगापूरकडच्या शेतकरी घरातले. चार भावांतले तिघं उसात आणि अण्णा एकटे शहरात शिकलेले. गावी गेलं की भाऊ त्यांना "सायेब" म्हणायचे. त्यात कौतुक किती आणि टोमणा किती हे अण्णांना कधी उमगलं नाही, म्हणून ते दोन्हीला चिडायचे. जालना रस्त्यावरच्या एका कारखान्यात ते केमिस्ट होते. म्हणजे घरात केमिस्ट. कारखान्यात नमुने तपासणारे मदतनीस. छावणीच्या नाक्यावरून कारखान्याची गाडी त्यांना घेऊन जायची. साखर कारखान्यांच्या मळीपासून काढलेलं स्पिरिट तिथं टँकरनं यायचं. त्याची वाफ करून ती तांब्याचे दाणे भरलेल्या तापलेल्या नळ्यांतून सोडली, की पलीकडून भलतंच काही बाहेर पडायचं, एक पातळ, नाकात घुसणारा द्रव, ज्याच्यापासून पुढं अॅसिटिक आम्ल बनवत. अण्णांच्या शर्टाला त्याचा वास असायचा, आंबलेल्या पेरूसारखा. दौलताबादच्या बाया पेरूच्या टोपल्या घेऊन रस्त्यानं गेल्या की माय आतून विचारायची, "आले का गं तुझे अण्णा?" आणि हातातलं काम टाकून उभी राहायची. माझ्या घरात आजही पेरू येत नाही.

ते तांब्याचे दाणे म्हणजे उत्प्रेरक. तो नळीत नुसता बसून राहतो, पण त्याच्या संगतीनं रसायनं कमी उष्णतेत आपलं काम उरकतात. दाणा चांगला असला तर भट्टी कमी तापवून भागतं, आणि दाणा थकला की भट्टी लालभडक केली तरी माल निघत नाही. उत्प्रेरक स्वतः खर्च होत नाही असं पुस्तकात लिहिलेलं असतं, आणि मला ठाऊक आहे की इथं कुणीतरी लगेच मायची तुलना उत्प्रेरकाशी करायला जाईल. कृपा करून करू नये. माय खर्च झाली, मी बघितलंय. तर त्या वर्षी भट्टीचं तेल एकाएकी इतकं महागलं की मालकांची झोप उडाली. दाणा मुंबईहून यायचा, आणि तो तेल फार खायचा. मालकांनी अण्णांना केबिनमध्ये बोलावलं. कारखान्यातल्या इतर खात्यांत 'असा दाणा मीसुद्धा बनवीन' अशा बढाया मारून मारून अण्णांनीच ती वेळ आणली होती म्हणा. मालक म्हणाले, "कम आंच पे चलनेवाला दाना बनाके दिखाव, लॅब तुमची. नाय जमलं तर सांगा, मुंबईचा दाणा आणीन आणि केमिस्टही मुंबईचाच आणीन." अण्णांनी हे घरी येऊन सांगितलं. लॅब मिळाली तर ते खरेखुरे केमिस्ट होणार होते. नाही मिळाली तर भावांच्या उसात पाणी द्यायला परत जाणं, हे त्यांना मरणाहून वाईट वाटत होतं.

कारखान्यात प्रयोगाला जागा कुणी देईना, म्हणून दाणा आमच्या मागच्या अंगणात सुरू झाला. उन्हाळ्याचे दिवस, आजूबाजूच्या सगळ्या बाया खाटांवर पापड-कुरडया वाळवत होत्या. आमच्या खाटेवर मोरचूद. मोरचूद म्हणजे तांब्याचा निळा क्षार. तो पाण्यात विरघळवायचा, त्यात धुण्याच्या सोड्याचं पाणी धारेनं ओतायचं, की मोरपिसाच्या रंगाचा लगदा तळाला बसतो. खरी कटकट पुढं असते. मोरचुदातला गंधकाचा अंश पुरता निघेपर्यंत तो लगदा धुवावा लागतो. गंधक राहिलं की दाणा मेला. अण्णा कारखान्यातून डिस्टिल्ड वॉटरचे बुधले आणायचे, धोतराच्या फडक्यातून लगदा गाळायला बसायचे, फडकं तुंबायचं, आणि ते फडकं, लगदा, आम्ही दोघी, सगळ्यांना शिव्या द्यायचे. दोन दिवसांनी त्यांनी फडकं भिरकावून दिलं आणि मायला म्हणाले, "तुला येतंय काय दुसरं? धुणंच येतंय ना? धू मग हे!"

मायनं लगद्यात बोट बुडवून बघितलं. "हे तं कुरडईच्या चिकावाणी हाय की," ती मला म्हणाली. गहू भिजवून, वाटून, त्याचा चीक जसा डेऱ्यात बसवतात, वरचं निवळ पाणी हलक्या हातानं ओतून देतात, परत ताजं पाणी घालतात, परत बसवतात, तसं तिनं त्या लगद्याचं केलं. दोन मोठे मातीचे डेरे घेतले. मी बुधले ओतायची, ती वरचं पाणी काढायची. चार-पाच पाणी झाली आणि एक गंमत झाली. पाणी निवळेचना. लगदा तळाला बसायचा सोडून सगळ्या डेऱ्यात पांगला, हिरव्या सरबतासारखा. दुपार गेली, तरी तसाच. माय उकिडवी बसून बघत राहिली. मग आत जाऊन पापडखाराचा डबा घेऊन आली, चिमूटभर खार वाटीत कालवला आणि डेऱ्यात सोडला. मी ओरडले, "माय! अण्णा मारतील!" ती म्हणाली, "चीक बसंना झाला की माझी आजी उलीसा खार टाकायची. बग तं खरं." पाव तासात वरचं पाणी आरशासारखं झालं. त्यानंतर प्रत्येक पाण्याला तिनं एकेक चिमूट घातली. मला म्हणाली, "बोलू नगंस हां त्यांना. वरडत्याल." मी बोलले नाही. मग तो लगदा कुरडईच्या सोऱ्यातून पाडला, उन्हात वाळवला, चुरगाळून त्याचे बोटाच्या पेराएवढे दाणे केले आणि अण्णांनी ते भाजायला कारखान्यात नेले.

महिनाभर आमचे दोघींचे हात हिरवे होते. मायची नखं तर बुडापर्यंत हिरवी. त्या हातानं थापलेली ज्वारीची भाकरी अण्णा खाईनात. "विष घालतेस का मला?" म्हणायचे. म्हणून भाकऱ्या मी करायची. माझेही हात हिरवेच होते, पण ते त्यांना चालायचे. माय येसर आमटीला फोडणी द्यायची, तेवढं पळीनं होत होतं. जेवताना ती ताट जरा लांब घेऊन भिंतीकडं तोंड करून बसायची, तिचा हात अण्णांना दिसू नये म्हणून. शेजारच्या बाया विचारायच्या, हाताला काय झालं गं, तर अण्णाच मोठ्यानं उत्तर द्यायचे, "मोर हाय आमच्या घरात! नाचायचा तेवढा बाकी हाय!" बाया हसायच्या. हो, मीही.

दाणा चालला! रशीदचाचा भट्टीवर ऑपरेटर होते, छावणीत राहायचे. ते संध्याकाळी सायकल हाणत दारात आले आणि उतरायच्या आधीच ओरडले, "भाई, काटा देखे क्या? लाल निशान के कित्ता नीचे है, फिर बी माल धडाधड निकल रहा!" अण्णांनी त्यांना मिठी मारली. मी अण्णांना कुणाला मिठी मारताना तेवढंच बघितलं. रशीदचाचा पडद्याकडं बघून म्हणाले, "भाभीकू बी मुबारक. उनोंनेच धोए ना सब?" अण्णा म्हणाले, "ती काय धुणार? मी सांगायचो तसं करायची." छोट्या नळीतली ती चाचणी आठ-पंधरा दिवस चालली आणि मग मालक स्वतः आमच्या घरी आले. पडेगावच्या त्या गल्लीत मोटार आलेली पोरांनी पहिल्यांदाच बघितली असावी. मालक खाटेवर बसले. रशीदचाचाही होते. मायनं शिरा केला, चहा केला, आणि अण्णांनी, अर्थातच, पाण्याचा प्रश्न विचारला. मालक खूप हसले.

मग त्यांनी विचारलं, "धुलाई कशी केली? मुंबईवाले म्हणतात, सगळा माल धुलाईतच बिघडतो." अण्णा म्हणाले, "डिस्टिल्ड वॉटर. सात वेळा. स्वतःच्या हातानं धुतलं मी." माय ट्रे घेऊन दारात उभी होती. शिऱ्याचं कौतुक झालं होतं, तिला जरा धीर आला असावा. ती म्हणाली, "आन् पापडखार." मालकांनी अण्णांकडं बघितलं. अण्णांचा चेहरा क्षणभर पांढरा पडला आणि मग ते हसायला लागले, डोळ्यांत पाणी येईस्तोवर. "ऐकलंत? माझी असिस्टंट! पापडखार म्हणते!" त्यांनी उठून आतून डबा आणला, चिमूटभर खार मायच्या हिरव्या तळहातावर ठेवला आणि म्हणाले, "चाख. चाख ना. आणि सांग मालकांना, दाणा खमंग झालाय का ते." मायनं इकडंतिकडं बघितलं. नवरा गंमत करतोय, मालक हसतायत, तर करावं म्हणून असेल, तिनं जीभ लावली. तोंड कडवट झालं, चेहरा वाकडा झाला, आणि पुढच्या खोलीत हशा फुटला. रशीदचाचा तेवढे खाली बघत बसले. त्या दिवशी मी हसले नाही. पण त्याबद्दल मला शाबासकी नको. मला मायची दया आलेली नव्हती. "स्वतःच्या हातानं" हे शब्द मला झोंबले होते, कारण ते हात माझेही होते.

मोठी खेप कारखान्यात झाली. स्टीलची टाकी, दाबून पाणी काढायचं यंत्र, बुधल्यांऐवजी नळाला जोडलेलं डिस्टिल्ड वॉटर. अण्णा पांढरा कोट घालून उभे. सात वेळा धुतलं. आठ तासांत दाणा मेला. दुसऱ्या खेपेला अण्णांनी दहा वेळा धुतलं. लगदा यंत्राच्या फडक्यात चिकटून बसला, आणि तो दाणा तर पहिल्याहून वाईट निघाला. रशीदचाचांनी त्यांना भर खात्यात सांगितलं, "भाई, बुरा नको मानो. भाभीकू पूछो ना एक बार. उनोंने कैसा धोए थे." तेव्हापासून अण्णा रशीदचाचांशी बोलायचे बंद झाले. मालकांनी तिसरी आणि शेवटची संधी दिली. हीही गेली, तर रविवारी नळ्यांत मुंबईचा दाणा भरायचा होता आणि अण्णांनी लॅबची पायरी चढायची नव्हती.

मी तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते. प्रॅक्टिकलला आमचे सर साका, म्हणजे तळाला बसलेला लगदा, धुवायला शिकवत होते. ते सहज म्हणाले, "निव्वळ शुद्ध पाण्यानं धूत गेलात तर साका पुन्हा पाण्यात पांगतो, बसतच नाही. पाण्यात जरासा क्षार हवा." माझ्या हातातली काचकांडी तशीच राहिली. तास संपल्यावर मी त्यांच्या मागं लागले, तांब्याचं विचारलं, गंधकाचं विचारलं. ते म्हणाले, असा खार चिकटून बसलेलं गंधकही हुसकून लावतो, आणि त्याचा लेश मागं राहिला तर अशा कामात तांब्याला तो मानवतोही. मी घरापर्यंत जवळजवळ धावत आले. माय अंगणात भांडी घासत होती. तिला सगळं सांगितलं. तिला अर्धंच कळलं, पण हवं ते अर्धं कळलं. तिच्या चेहऱ्यावर असं काही आलं, जे मी आधी कधी बघितलं नव्हतं. "म्हंजी म्या बराबर केलं व्हतं?" "बरोबर केलं होतंस." "पुस्तकात हाय तसं?" "पुस्तकात आहे तसं." तिनं राखेचा हात पदराला पुसला आणि उठलीच. "सांगते त्यांना. आता येतील."

"नाही," मी म्हणाले.

ती तरी दाराकडं वळली. मी म्हणाले, "त्यांनी विचारायला पायजे. तुला हाक मारून, नीट, सगळ्यांसमोर चिडवतात तसं नाही, खरं विचारायला पायजे. मगच सांगायचं." "आगं येडे, नोकरीचा घोर हाय त्यांना. चार दिस झाले, भाकर जाईना त्यांच्या तोंडात." "नको जाऊ दे." माय म्हणाली, "म्या सांगनार." तेव्हा मी तिचा ओला हात ओढून माझ्या गळ्यावर ठेवला आणि म्हणाले, "माझ्या गळ्याची शपथ आहे तुला. त्यांनी विचारल्याशिवाय सांगितलंस तर मी मेले." माझ्याआधीची तिची दोन मुलं जगली नव्हती. मला हे माहीत होतं. माहीत होतं म्हणूनच मी ती शपथ घातली. तिनं हात असा झटकन काढून घेतला, जणू माझा गळा भाजत होता, आणि परत भांड्यांपाशी जाऊन बसली.

बुधवारी अण्णा जेवायला बसले. तिसऱ्या खेपेचं धुणं त्या दुपारी सुरू व्हायचं होतं, त्याआधी कारखान्याच्या गाडीनं ते घटकाभर घरी आले होते. गाल बसले होते, दाढी वाढली होती. माय भाकरी थापत होती, तिचे हात आता पहिल्यासारखे झाले होते. अण्णांनी घास घेतला, चावला, आणि एकदम म्हणाले, "अगं, तू त्या वेळी धूत होतीस तेव्हा..." मायचे हात परातीत थांबले. भाकरीची थापथाप थांबली, इतकी की अण्णांनी मान वर केली. माय त्यांच्याकडं बघत होती, तोंड अर्धं उघडून. एवढंच हवं होतं. आणखी चार शब्द. अण्णांनी तिच्या तोंडाकडं बघितलं, मग माझ्याकडं, मग मान हलवून म्हणाले, "जाऊ दे. तुला काय विचारायचं! पाणी पाण्याचंच बनतं." आणि स्वतःशीच हसून ते पुढं जेवले. माय माझ्याकडं वळली. ती डोळ्यांनी विनवत होती, हे विचारल्यातच धर ना गं म्हणून. मी मान हलवून नाही म्हटलं. आज लिहिताना मला स्वतःची चीड येते, पण तेव्हा नाही आली. तेव्हा मला फार बरं वाटलं. अण्णांनी आपल्या हातानं दार लावून घेतलं आणि कडी माझ्याकडं होती.

रविवारी भर दुपारी अण्णा परत आले. चालत आले, छावणीपासून, डोक्याला रुमालही न बांधता. पांढरा कोट हातात घडी करून. खाटेवर बसले आणि भिंतीवरच्या पदवीकडं बघत राहिले. मायनं पाणी दिलं, ते त्यांनी खाली ठेवलं. म्हणाले, "संपलं. तिसराही मेला. सकाळीच मुंबईचा भरला. मला गोडाऊनला टाकलंय." आणि तोंडावर कोट धरून ते रडायला लागले. मोठा माणूस रडताना इतका विचित्र आवाज करतो हे मला ठाऊक नव्हतं. एखाद्या लेकीनं अशा वेळी काय करावं? मी आत गेले, पापडखाराचा डबा आणला, त्यांच्यासमोर ठेवला आणि अगदी त्यांच्याच चालीत विचारलं, "अण्णा, सांगा बघू, हे काय आहे?"

मग मी सगळं सांगितलं. साका का पांगतो, कशानं बसतो, गंधक कशानं निघतं. एकही शब्द चुकला नाही माझा. परीक्षेत इतकं चांगलं मी कधी लिहिलं नसेल. अण्णा ऐकत गेले. त्यांचं रडणं थांबलं. डब्याचं झाकण काढून त्यांनी आतला खार बघितला, मग मायकडं बघितलं. "तुला ठाऊक होतं हे?" माय म्हणाली, "व्हय." "मग सांगितलं का नाहीस?"

तिच्याकडं दोन खरी उत्तरं होती. सांगितलं होतं की, मालकासमोर, तुम्ही माझ्या हातावर खार ठेवून मला चाखायला लावला, हे एक. पोरीनं गळ्याची शपथ घातली, हे दुसरं. एकानं अण्णा उघडे पडले असते, दुसऱ्यानं मी. मायनं माझ्याकडं बघितलं. मी खाली बघितलं. ती म्हणाली, "इसरले."

अण्णांनी तो शब्द पकडला. पाण्यात बुडणाऱ्या माणसाच्या हाती दोर लागावा तसा त्यांना तो लागला. "इसरली!" ते उठून उभे राहिले. "नवऱ्याची नोकरी चालली आणि ही इसरली! ऐकलंस का गं सुमन?" मी ऐकलं. माय म्हणाली, "अजून जा की. मालकाला सांगा. माझं नाव घिऊ नगा, तुमच्याच डोस्क्यातून निघालं म्हना." पण त्याच खारावरून ते मालकांसमोर हसले होते, डोळ्यांत पाणी येईस्तोवर. आता तोच डबा घेऊन त्या केबिनमध्ये जाणं अण्णांना जमण्यासारखं नव्हतं. ते गेले नाहीत. डबा तीन दिवस खाटेखाली तसाच पडून होता, मग मायनं उचलून फळीवर ठेवला.

अण्णांनी पुढची सगळी वर्षं गोडाऊनलाच काढली. वास तेवढा बदलला, पेरूच्या जागी बारदानाचा. घरची परीक्षा मात्र सुरू राहिली, फक्त प्रश्न नवा आला. पाहुणा आला, चहा झाला, की अण्णा हाक मारायचे, "अगं ए, बाहेर ये जरा. पाव्हण्यांना सांग, तू काय इसरली होतीस?" माय दारात येऊन म्हणायची, "खार." मग अण्णा सगळी कहाणी सांगायचे: त्यांनी शोधलेला दाणा, कमी झालेली आंच, मालकांनी देऊ केलेली लॅब, आणि या बाईच्या एका विसरण्यानं झालेली माती. वर्षागणिक कहाणी अण्णांची होत गेली. मी तिथंच बसलेली असायची. एकदा, फक्त एकदा, मी तोंड उघडलं असतं तर ते थांबलं असतं. दरवेळी मी ठरवायची, पुढच्या वेळी.

मी एम.एस्सी. झाले तेव्हा मला बघायला करमाडची मंडळी आली. मुलगा बँकेत, त्याचे वडील धोतर-कोटातले, शिक्षणाची हौस असलेले. पोहे झाले, चहा झाला. मुलाच्या वडिलांनी मला दोन-चार प्रश्न विचारले, मी उत्तरं दिली, त्यांना ती आवडली. मग अण्णांनी पडद्याकडं तोंड केलं. माय नवी साडी नेसली होती. दारात येऊन उभी राहिली. "सांग पाव्हण्यांना, काय इसरली होतीस?" "खार," माय म्हणाली. अण्णांनी सुरुवातीपासून शेवटपर्यंत सगळं सांगितलं. मुलाचे वडील हसले, मुलगा हसला, आणि मग सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं, शिकलेल्या मुलीला यात काय वाटतं म्हणून. मीही हसले. मुलाची आई मायला म्हणाली, "जाऊ द्या हो, बायामाणसांचं असं होतंच." माय कप गोळा करायला पुढं आली होती. तिनं माझ्या हातातला कप घेतला, माझ्याकडं बघितलं आणि त्यांना म्हणाली, "माझं जाऊ द्या. पोरगी मातर लई हुशार हाय आमची. ती काईच इसरत नाय." आणि कप घेऊन आत गेली.